अनुपस्थित राहिल्यास कारणे दाखवा

शिक्षकांच्या कार्यशाळेत टाळी कधीच साधी वाजत नाही. शाबासकीची टाळी वेगळी, आइस्क्रीमची वेगळी, आणि पावसाची टाळी तर सगळ्यांची लाडकी. एका बोटाने तळहातावर टकटक सुरू करायची, मग दोन बोटं, तीन, चार, शेवटी सगळा पंजा, आणि तसंच उतरत परत एका बोटावर यायचं. निवृत्तीला टेकलेले मुख्याध्यापक, मुलीच्या लग्नाच्या पत्रिका पिशवीत घालून आलेल्या बाई, नुकताच रुजू झालेला शिक्षणसेवक असे सगळे मान खाली घालून तळहातावर पाऊस पाडतात. बाहेरून कुणी पाहिलं तर काय म्हणेल ही धास्ती पहिल्या सरीपुरतीच. दुसऱ्या वेळी माणूस मन लावून पाऊस पाडतो.

यंदाच्या प्रशिक्षणाच्या पत्रात कला, शारीरिक शिक्षण आणि शिक्षकांचं मानसिक स्वास्थ्य असे तिन्ही विषय एकाच दिवसात बसवले होते. शेवटची ओळ नेहमीचीच: अनुपस्थित राहणाऱ्यांना कारणे दाखवा नोटीस बजावण्यात येईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी. ताणतणाव व्यवस्थापनाला न आल्याबद्दल नोटीस! शिवाय पत्र ग्रुपवर पडलं रात्री साडेनऊला आणि प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. म्हणजे विषयाची प्रस्तावना पत्रानेच करून टाकली.

आमच्या नोकरीत प्रशिक्षणाला तोटा नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी, त्यांनाही प्रशिक्षणाची अट आहेच. त्यामुळे घरी आल्यावर ‘काय शिकलात?’ असं कुणी विचारत नाही, ‘प्रमाणपत्र मिळालं का?’ एवढंच विचारतात. त्यात मला गैर वाटत नाही. प्रपंच सगळ्यांनाच आहे.

सुरुवात पूर्वचाचणीने झाली. भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा आणि प्रश्न सोडवायचे. पहिलाच प्रश्न: तुम्हाला कामाचा ताण जाणवतो का? पर्याय चार, नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत. पण त्याच्याही वर नाव, शाळेचा यूडायस क्रमांक आणि शालार्थ आयडी भरणं बंधनकारक. हॉलभर ‘कधीच नाही’वर भराभर बोटं पडली. आता पंचाईत सुलभकांची. संध्याकाळच्या उत्तरचाचणीत ताण कमी झालेला दिसायला हवा, आणि तो तर सकाळीच शून्य.

जेवणाआधीचं सत्र कलेचं होतं. हायस्कूलमधले एक कलाशिक्षक आले होते, अंगापिंडाने किरकोळ, आवाजही बेताचा. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल दिली. म्हणाले, ‘हवं ते काढा. फक्त रबर वापरायचा नाही.’ हॉल एकदम चिडीचूप. मग कुजबुज सुरू झाली. ‘सर, पट्टी चालेल का?’ ‘बाई, तुमचं बघू जरा.’ थोड्या वेळाने पाहिलं तर निम्म्याहून अधिक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला कौलारू घर आणि बाजूला कललेलं नारळाचं झाड. आमच्या तालुक्यात नारळ औषधालाही सापडत नाही.

त्यांनी कागद गोळा केले, काही बोलले नाहीत आणि दुसरा कागद वाटला. डावा हात बाकावर ठेवा, त्याच्याकडेच बघत राहा आणि कागदाकडे न बघता तो काढा, पेन्सिल उचलायची नाही. आता कुणाचंच बरोबर येणार नव्हतं, म्हणून कुणाला भीतीही राहिली नाही. कुणाचा अंगठा करंगळीतून फुटला, कुणाचं मनगट कागदाबाहेर गेलं. पण त्या निमित्ताने प्रत्येक जण स्वतःचा हात निरखून बघत होता. शेजारच्या डावखुऱ्या सरांच्या तर्जनीच्या टोकाला खडूने पडलेली भेग होती. त्यांनी चित्रात तीच सगळ्यांत ठसठशीत काढली, नखं मात्र विसरले. तेवढा वेळ एकानेही मोबाइल पाहिला नाही. माझ्या पाहण्यातल्या प्रशिक्षणांत ही गोष्ट तरी मोठी आहे. (मध्ये एकदा जिओ टॅग फोटोसाठी सगळ्यांना ‘असेच बसून राहा’ म्हणाले, तेवढं सोडून.)

जेवणात मसालेभात आणि जिलेबी-मठ्ठा. त्यावर लगेच लेझीम ठेवणाऱ्या माणसाला आयोजनाचं पारितोषिक द्यायला हवं. पण लेझीम हाती आली आणि हलगी वाजली की पोट आणि गुडघे दोन्ही गप्प बसतात. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनाला सांगली जिल्ह्यातल्या लोकांनी लेझीम गाजवली होती, त्याची आठवण पी.टी.च्या सरांनी काढली आणि आमची पावलं आणखीच चुकू लागली. पदर खोचून बायांनी मात्र ठेका धरला तो सोडला नाही. केंद्रप्रमुख साहेब अर्धवर्तुळात उलट्या दिशेने वळत होते, त्यांना कुणी सांगेना.

एवढं सगळं चांगलं झाल्यावर शेवटी ताणतणावाचं व्याख्यान झालं. सरकत्या पडद्यावर ताणाची व्याख्या, ताणाचे प्रकार, ताणाची लक्षणं. लक्षणं वाचता वाचता ती अंगात दिसू लागली. मग दिवे मालवून शवासन: श्वासाकडे लक्ष द्या, असं मोबाइलमधला एक रेकॉर्ड केलेला आवाज सांगू लागला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगाकडे प्रयोगशाळेतून बघण्यासाठी. त्या मातीत आम्हाला श्वासासाठी ॲप लागावं, हे जरा जास्तच झालं. मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. कुणी हसलं नाही. कारण अध्ययन निष्पत्ती इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे साध्य झालेली आम्ही आजवर पाहिली नव्हती.

मला उठावं लागलं, शाळेतून मॅडमचा फोन होता. आमची शाळा दोनशिक्षकी. मी हॉलमध्ये ताण घालवत होतो तेव्हा पहिली ते चौथी एकट्या त्यांच्याकडे, पोषण आहाराची नोंद व्हायची, दुसरीतलं एक पोर पडून गुडघा फुटलेला, आणि कुठली तरी माहिती ‘आजच, तातडीने’ हवी होती. ‘सर, तुमचं चालू द्या, मी बघते,’ म्हणाल्या. असं म्हणणाऱ्या माणसाचा ताण कुठल्याही चाचणीत येत नाही.

तेव्हा पुढच्या नियोजनात माझी विनंती लक्षात घ्यावी. ताणाची व्याख्या गाळा, तो वेळ हात काढायला आणि लेझीमला द्या. निधी संपवायचा म्हणून प्रशिक्षण मार्चअखेरीला ठेवू नका. फॉर्मवरचा शालार्थ आयडी काढा. आणि दोनशिक्षकी शाळेतून एकाला बोलवाल तेव्हा त्या दिवसापुरतं दुसरं कुणी तरी तिथे पाठवा. पत्रात एवढी एक ओळ आली तर मी दहाच्या आधी हजर असेन, तसं लेखी द्यायचीही तयारी आहे.