दीड ग्रॅमचं दुखणं

सुईचा रेकॉर्डवरचा भार दीड ग्रॅम ठेवावा की पावणेदोन, यावर पुण्या-मुंबईचे हौशी रात्र जागवतात. सुई धरणारा टोनआर्म हवा तो इंग्लंडच्या एसएमईचा. २०१६ साली ही कंपनी पुण्याच्या अजय शिर्क्यांच्या कॅडेन्स समूहाने घेतली, म्हणजे घरचीच झाली. तर २०१९च्या अखेरीस टर्नटेबलशिवाय नुसता आर्म विकणंच बंद! आता शिंगं आवडली तर बैल घ्या.

घाटनांदूरच्या लग्नात एवढी चिकित्सा कोण करणार? सुई उड्या मारू लागली की स्पीकरवाला आर्मवर चार आण्याचं नाणं ठेवी. वजन बरोब्बर अडीच ग्रॅम, काटा नको की पाना नको. टेबल डुगडुगलं तर पायाखाली लग्नपत्रिकेची घडी. रेकॉर्ड झिजायची हे खरं, पण वऱ्हाडाची तक्रार एकच: कर्णा आमच्याकडं फिरवा.