गळती

‘अहो, हे तर आपलंच!’ हे वाक्य कंबोडियात, सिएम रीपला उतरल्यापासून मी सतरा वेळा उच्चारलं, असं बायको म्हणते. मी मोजत नाही. ती मोजते.

अठराव्यांदा ते क्बाल स्पिअनच्या चढावर निघालं, आणि अर्धंच निघालं, कारण धाप लागली होती. कुलेन डोंगरातली जेमतेम दीड किलोमीटरची पायवाट. ‘आम्ही सिंहगड चढणारी माणसं,’ असं मी खाली गाडीवाल्याला ऐकवलं होतं. (गेली सहा वर्षं सिंहगडावर मी गाडीनेच जातो, हा तपशील त्याच्या इंग्रजीला झेपला नसता.) तो सपाता फटफटवत पुढे चालला होता आणि दर वळणावर माझी अब्रू राखण्यासाठी झाडं बघत थांबत होता.

वाटेत मी त्याला माहिती दिली. त्याच्याच देशाची. की वर नदीच्या पात्रात, थेट कातळात, अकराव्या शतकात कोरलेली शेकडो लिंगं आहेत. शेषशायी विष्णू आहे, त्याच्या पायाशी लक्ष्मी, नाभिकमळावर ब्रह्मदेव. आणि १०५९ साली राजा उदयादित्यवर्मनने इथे सोन्याचं लिंग स्थापल्याचा शिलालेख आहे.

‘प्रेआह नोरेआय,’ तो मान डोलावत म्हणाला.

‘नारायण,’ मी दुरुस्ती केली.

‘हो, हो. प्रेआह नोरेआय.’

हजार वर्षं त्यांच्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेलं नाव मी पुन्हा खडबडीत करायला निघालो होतो. ब्रह्मदेवाला तर ही मंडळी ‘ता प्रोम’ म्हणतात. ‘ता’ म्हणजे आजोबा. मी आयुष्यात ब्रह्मदेवाला काकासुद्धा म्हटलेलं नाही. तरी आपलंच!

वर पोचल्यावर पहिल्याच पिंडीला मी चपला काढून, डोळे मिटून हात जोडले. गाडीवाला हळूच म्हणाला, ‘तो नुसता दगड आहे. कोरलेले पुढे आहेत.’

पुढे होतेच. मोदकपात्रात ओळीने मोदक मांडावेत तशी बुटकी, गोल लिंगं, आणि मधून मधून चौकोनी शाळुंकेत पाच-पाच. पाण्याने यांच्यावरून वाहायचं, पवित्र व्हायचं आणि खाली अंकोरच्या तळ्यांना, भातखाचरांना जायचं. एका अख्ख्या राजधानीला घरपोच तीर्थ! १९६०च्या दशकाच्या शेवटी झाँ बुल्बे या फ्रेंच अभ्यासकाने या जागेचा ‘शोध लावला’ असं छापलेलं असतं. त्यांना इथे आणलं एका स्थानिक संन्याशाने. त्याने काय लावलं, ते कोणी छापत नाही. नंतर युद्धामुळे कित्येक वर्षं इथे कुणी फिरकूही शकलं नाही.

आम्ही गेलो मार्चमध्ये, कारण तिकिटं स्वस्त होती. ती का स्वस्त होती, हे पात्र बघून कळलं. पाणी नव्हतं. एका खळग्यात पाचोळा भिजेल एवढं, बस्स.

आता गळतीबद्दल बोललंच पाहिजे. सोसायटीच्या गच्चीची नव्हे. त्या विषयावर मी तीन वार्षिक सभा गाजवल्या आहेत. पिंडीवर टांगतात ती गळती. आमच्याकडे तांब्याची होती, बुडाला भोक, भोकात दर्भाची काडी. काडी सैल झाली तर धार, घट्ट बसली तर उपास. ती बसवणं ही कला होती आणि आमच्या घरात ती फक्त दादांना, म्हणजे वडिलांना, येत असे. श्रावणी सोमवारी रात्रभर धार धरायची. मध्यरात्री ते उठत, अंधारात चाचपडत तांब्या ओतत, काडी चिमटीत फिरवत. एका सोमवारी ते तापाने फणफणले होते. म्हणाले, आज तू बघ. मी बाराव्या वर्षीच्या सगळ्या जबाबदारीने झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा पिंडी कोरडी होती आणि दादा भिंतीला धरून उभे राहून पाणी ओतत होते. मला काही बोलले नाहीत. पुढेही कधी नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ती गळती आता आमच्या दिवाणखान्यात आहे. तिच्यात मनीप्लँट आहे.

त्या कोरड्या मोदकपात्रासमोर मला एकदम घाई झाली. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, दोरीच्या अलीकडून हात लांब केला. झाडाखाली झाडू घेऊन बसलेल्या बाई उठल्या. आता ओरडणार, असं वाटलं. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं, मग माझ्या लालबुंद तोंडाकडे, आणि ओंजळ ओठांशी नेली. स्वतःला पाज, म्हणजे मलाच.

मी निमूटपणे प्यालो. हात थरथरत होता. अर्धं पाणी हनुवटीवरून शर्टावर गेलं.

‘गळतंय,’ बायको म्हणाली.