छोटासाच चेंज

हिंजवडीतल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत शुक्रवारी संध्याकाळी सहाला जा. कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं असतात, पोरं बॅगेची चेन ओढत असतात आणि नेमके तेव्हाच, हातात कॉफीचा कागदी कप घेऊन, खुर्चीमागे डिलिव्हरी मॅनेजर उगवतात. ‘अरे, निघालास? बरं झालं सापडलास. छोटासाच चेंज आहे.’

चेंज म्हणजे स्क्रीनवर एक बटण. क्लायंटला ‘हो’ कळवून झालेलं असतं. त्या बटणापायी डेटाबेसमध्ये नवा कॉलम घालायचा, ते कुणाला दिसावं याच्या परवानग्या लावायच्या, जुन्या रेकॉर्डांचं काय ते ठरवायचं आणि सोमवारी प्रोडक्शन झोपलंच तर सगळं मागे कसं घ्यायचं तेही बघून ठेवायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. एकेकाळी तेही कोड लिहायचे. ‘आमच्या वेळी आम्ही रात्र-रात्र बसायचो.’ (त्या रात्रींचा कोड आम्ही अजून निस्तरतोय, पण ते असो.)

त्यांचा खरा हातखंडा म्हणजे एस्टिमेट. काम केवढं मोठं ते सांगणारे स्टोरी पॉइंट एक, दोन, तीन, पाच, आठ असे चढतात. चार त्यात नाहीच. आमच्या बोर्डावर मात्र चारच चार दिसतात, कारण पाच म्हटलं की हे मंडईत उभं राहिल्यासारखे ‘चारला होईल ना?’ म्हणतात आणि वर टेस्टिंग कोथिंबिरीच्या काडीसारखं फुकट टाकायला सांगतात.

अजाइल नावाच्या कार्यपद्धतीवर त्यांची अपार श्रद्धा. २००१ साली अमेरिकेत, युटामधल्या एका स्की रिसॉर्टवर १७ जणांनी जमून त्याचा जाहीरनामा केला. कामाचा वेग कायम झेपेल असा असावा, असं त्याचं एक तत्त्व आहे. ह्यांनी त्यातलं ‘कायम’ तेवढं उचललं. लवकर आटपावी म्हणून उभ्यानं घ्यायची पंधरा मिनिटांची स्टँडअप पाऊण तास चालते, हे बसून ऐकतात. मग न्यूयॉर्कचा कॉल. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि इकडे वाकडमध्ये आमची जेवणं तासभर पुढे.

माणूस तसे वाईट नाहीत. वाढदिवसाला केक आणतात, पोरगं आजारी पडलं तर ‘घरूनच कॉल घे’ म्हणतात. अप्रेझलला तर अगदी हळवे होतात: ‘काम तुझं भारीच आहे रे, पण कर्व्हमध्ये बसत नाहीये.’

कुणी राजीनामा टाकला की त्याला गेटबाहेरच्या टपरीवर नेतात. चहाचे पैसे स्वतः देतात. ‘आपण फॅमिली आहोत रे!’ पण नोटीस पीरियडचे ९० दिवस थोडे कमी करा म्हटलं, की ‘पॉलिसी आहे, माझ्या हातात काही नाही.’ आणि टपरीवरून वर येईपर्यंत त्याच जागेची जाहिरात लिंक्डइनवर लागलेली असते: ‘फक्त इमिजिएट जॉइनर्सनीच संपर्क साधावा.’