समासात सासूबाई

कॅनडातल्या बर्नाबीत माझ्या रोजनिशीला कुलूप लागत नाही, कारण ती मराठीत आहे. लेक फ्रेंच इमर्शनच्या शाळेत जाते. देवनागरीत तिला स्वतःचं नाव आणि बाकरवडीच्या पाकिटावरचं ‘चितळे’ एवढंच वाचता येतं. नवरा मराठी माध्यमातला, पण सहीपलीकडे हाताने काही लिहायचं त्याने कधीच सोडलंय. माझं अक्षर लावून वाचण्याइतकी उत्सुकता लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुणात उरतही नाही. सकाळी एडमंड्सला स्कायट्रेनमध्ये चढावं, मांडीवर वही उघडावी आणि शेजारच्या बाईने फवारलेल्या अत्तराबद्दल तिच्यादेखत दोन कडक वाक्यं लिहावीत. ती कौतुकाने वाकून बघते आणि ‘किती सुंदर लिपी!’ म्हणते. पुण्यात पीएमटीत हे करून बघा.

गावही लिहिणाऱ्याला मानवणारं आहे. बर्नाबी हे नाव ना राजाचं, ना सेनापतीचं, ना देवाचं. ते एका चिटणिसाचं आहे. रॉबर्ट बर्नाबी हा गृहस्थ १८५८ साली इंग्लंडहून इकडे आला आणि रॉयल इंजिनिअर्सच्या कर्नल मूडींचा खाजगी चिटणीस झाला. आधी तळ्याला त्याचं नाव मिळालं, मग १८९२ साली नगरपालिकेला. त्याने घरी पाठवलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे साहेबाचा पत्रव्यवहार सांभाळून झाल्यावरही ह्याला स्वतःचं लिहायला हुरूप उरत होता. अशा गावात मॉलचं नाव मेट्रोटाउन का ठेवलं कळत नाही, दफ्तरखाना ठेवायला हवं होतं.

चिटणीस म्हटलं की मला बाळाजी आवजी आठवतात. त्यांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे: महाराजांनी सांगितलेला खलिता लिहायचा राहून गेला, तेव्हा कोरा कागद समोर धरून त्यांनी तो सबंध मजकूर अस्खलित वाचून दाखवला. गोष्ट खरी की रचलेली हे इतिहासकारांनी बघावं. मला त्यातलं तयारीचं अर्धं अंग साधलेलं आहे. माझ्याकडे कोरे कागद भरपूर आहेत, आणि तेही उत्तम.

माझं माहेर पुण्यातल्या वह्या-पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकाजवळचं, तेव्हा कागद-पेनांचं व्यसन जडायला जागा योग्यच होती. शाईचं पेन हातात आलं ते हीरोचं, सोनेरी टोपणाचं. निबवर जमलेला थेंब खडूने टिपायचा आणि निळा झालेला खडू बाईंना मिळेल असा फळ्याखाली ठेवायचा, हे शिक्षण आम्ही एकमेकींना विनामूल्य दिलं. बाटली कॅमलची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात घोडा छापाची शाईची पूड करायला घेतली, त्या कॅम्लिनची. शाळेत आम्हाला हा उद्योगाचा इतिहास कुणी सांगितला नाही, पण गणवेशावर तो होता.

इथे आल्यावर पेनांची भूक भागवायला मेट्रोटाउनपर्यंत जावं लागतं, म्हणजे दोन स्टेशनं. हा ब्रिटिश कोलंबियातला सर्वांत मोठा मॉल. लोक त्यात हरवतात, मी मात्र थेट जपानी दुकानाच्या पेनांच्या कप्प्यापाशी जाते. तिथे ०.३८ मिलिमीटरची जेल पेनं उभी असतात. चाचणीसाठी ठेवलेल्या कागदाच्या पट्टीवर जगभरच्या लोकांनी गोल गोल वेटोळी काढलेली असतात. त्यांत मध्येच कुठे ‘सूक्ष्म’ लिहिलेलं दिसलं तर ते माझं. पेन पारखायला याच्याहून चांगला शब्द नाही. क, ष आणि म एकमेकांच्या अंगावर न सांडता उभे राहिले की पेन घ्यावं.

यामागे शास्त्र आहे. जपानी कंपन्यांचं बारीक निब युरोपी कंपन्यांच्या बारीक निबापेक्षा बारीक असतं, कारण एकेका जपानी चित्राक्षरात पुष्कळ रेघा कोंबायच्या असतात. आपलंही दुखणं तेच. जर्मन निबाने मी एकदा ‘श्रद्धा’ लिहिलं. ‘द्ध’च्या जागी डाग उमटला. कॅलिग्राफीची चपटी निबं तर आणखी अडेल. रोमन अक्षरांना जाड-बारीकपणा ज्या तिरक्या दिशेने हवा, त्याच्या उलट दिशेने देवनागरीला हवा. म्हणून आपल्या बोरूचा कापच निराळा. हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं आणि नवं पेन का लागणार हे त्यातून सिद्धही केलं. तो म्हणाला, “फोनमध्ये टाइप कर.” या माणसाशी मी वाद घालत नाही.

वह्यांचं प्रकरण पेनांहून गंभीर आहे. टोमोए रिव्हर नावाचा एक जपानी कागद आहे, वजन चौरस मीटरला ५२ ग्रॅम. इतका पातळ, तरी शाई पाठीमागे फुटत नाही आणि रंग असा खुलतो की वाणसामानाची यादीसुद्धा सनद वाटावी. फक्त ती शाई वाळत नाही. बर्नाबीच्या नोव्हेंबरात तर मुळीच वाळत नाही. त्या महिन्यात इथे टॉवेलही वाळत नाहीत. मग टीपकागद आला. मग पाऊस आला, म्हणजे तो होताच, पण पिशवीत शिरला. डिअर लेकला फेरी मारून आले तेव्हा रॉयल ब्ल्यू शाईतला आठवडा वहीच्या खालच्या कडेला एकत्र जमा झाला होता. सुंदर रंग होता, पण वाचता येईना. तेव्हापासून कार्बनची काळी. आपल्या जुन्या दफ्तरातली शाई काजळीची, म्हणून ती अजून काळीभोर आहे. साध्या रंगाची शाई पाण्याला भुलते, काजळी भुलत नाही. तिची एकच अट असते: पेन रोज चालवायचं. आठवडाभर झाकून ठेवलं की आत दगड.

रोज चालवायचं म्हणजे रोज लिहायचं, आणि इथेच लोक मला विचारतात की तू लिहितेस तरी काय. इथल्या मैत्रिणी रोजनिशीत भावना लिहितात. सकाळी उठून तीन पानं मन मोकळं करतात, कृतज्ञतेची वेगळी वही ठेवतात. मीही मन मोकळं करायला बसते. दुसऱ्या वाक्यात किंग्जवेवरच्या दुकानातली मेथी येते, तिसऱ्यात तिचा भाव, चौथ्यात मागच्या आठवड्याचा भाव. पुढे कोण आलं, काय दिलं, डबा परत आला की नाही.

मला यात कमीपणा वाटत नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल बांधून ठेवलेत. त्यातल्या रोजकीर्दीत कोणत्याही दिवशी कुणाला काय वाटलं हे सापडत नाही; जमा किती, खर्च किती हे सापडतं. आणि इतिहास लिहायला तेच उपयोगी पडलं. भावना सगळ्यांच्या सारख्याच असतात, मेथीचा भाव मात्र त्या त्या दिवसाचाच. तो चांगल्या शाईत, चांगल्या कागदावर लिहून ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. मन मोकळं करायला बँकेचं फुकट बॉलपेन चालेल.

बँकेचं फुकट बॉलपेन सासूबाईंबरोबर आलं. सुपर व्हिसावर त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. सामानात दासबोध, घरचा मसाला, कालनिर्णय आणि ते बॉलपेन. कालनिर्णय आल्या आल्या फ्रिजवर लागलं. साताऱ्यात त्याच्या चौकोनांत दूध, गॅसची टाकी आणि कामवालीचे खाडे असतात. इथे दूधवाला नाही, कामवाली नाही, तेव्हा त्यांनी पाऊस मांडायला घेतला. नोव्हेंबरात एक चौकोन कोरा राहील तर शपथ. तिथींचा मात्र घोळ झाला. घड्याळ भारताच्या मागे, त्यामुळे एकादशी इथे कधी कधी आदल्या दिवशीच येते. आईंनी तोडगा काढला: दोन्ही दिवस उपास. घरात कुणाची तक्रार नव्हती, साबुदाण्याची खिचडी दोन्ही दिवस झाली.

आणि माझ्या लक्षात आलं की घरात आता घडाघडा मराठी वाचणारं माणूस आहे.

मी वही उशीखाली ठेवायला लागले. उशीर झाला होता.

“अगं, तुझी ती वही वाचली मी,” भाजी निवडता निवडता आई म्हणाल्या.

“आई! ती खाजगी आहे.”

“वाचल्यावरच कळलं की खाजगी काही नाहीये त्यात. पण तुझी कोथिंबीर चुकलीय.”

मी वही उघडली. ५२ ग्रॅमच्या कागदावर, काजळीच्या शाईशेजारी, समासात निळ्या बॉलपेनने शेरे होते, आणि पाठीमागच्या पानावर त्यांचे वण. कोथिंबिरीच्या भावापुढे: ‘हा मागल्या आठवड्याचा. पावती डब्यात आहे.’ ‘आईंनी आमटीत तिखट फार घातलं’ यापुढे: ‘घातलं नाही. मसालाच तसा आहे.’ एका पानावर मी बर्नाबी माउंटनवरून दिसणाऱ्या खाडीचं वर्णन केलं होतं, जरा रंगात येऊन. त्याच्यापुढे काही नव्हतं. पानाच्या डोक्यावर मात्र सगळीकडे एकच प्रश्न: ‘तिथी?’

माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं, तेही त्यांच्याच पोथीतलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ त्यात एखाद्या स्टेशनरीवेड्याला शोभेल इतक्या बारकाईत शिरतात. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीतून उतरल्यासारखं दिसावं; तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही; भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडत नाही. आणि मुख्य म्हणजे देशोदेशीचे बोरू आणावेत, नाना रंगांचे, नाना प्रकारचे.

“बघा,” मी म्हटलं, “जपान, तैवान, जर्मनी. मी समर्थांची आज्ञा पाळतेय.”

आईंनी चष्मा वर केला. “बोरू आणलेस हे खरं. पण समर्थांनी ते ग्रंथ लिहायला आणायला सांगितलेत. तू मेथी लिहितेस.”

“पेशव्यांच्या दफ्तरातही हिशेबच आहेत.”

“त्यांच्याकडे राज्य होतं.” मग थोडं थांबून, “आणि समास सोडलास ते बरं केलंस. मला जागा झाली.”

त्यानंतर चोरी संपली. रात्री मी लिहायचे, सकाळी आई तपासायच्या. शेरे वाढत गेले; काही पानांवर माझ्या मजकुरापेक्षा त्यांचा मोठा झाला, आणि खरं सांगायचं तर चुरचुरीतही. शेजारच्या कोरियन आजींशी त्यांनी खाणाखुणांनी केलेल्या लोणच्याच्या देवघेवीची नोंद मी एका ओळीत संपवली होती. आईंनी ती समासातून खाली, पानाच्या तळाने वळवून पुढच्या समासात नेली. मी त्यांना चांगलं पेन देऊन पाहिलं. दोन अक्षरं लिहून त्यांनी परत केलं: “हे दाबलं तर रागावतं.”

त्यांना आवडली ती साधी कॅम्पस वही, कोकुयो कंपनीची. हात फिरवून म्हणाल्या, “कॅम्लिनची का गं?” मी हसणार होते, पण बाई बरोबर होत्या. कोकुयो जपानी, तिची ही वही १९७५ पासूनची. आणि २०११ पासून कॅम्लिन तिच्याच छत्राखाली, नावसुद्धा कोकुयो कॅम्लिन. गिरगावची शाई आणि ओसाकाची वही यांचं लग्न लागलं होतं आणि साताऱ्याच्या बाईंनी ते बोटांनी ओळखलं.

परत जाताना मी त्यांना आग्रहाने एक शाईचं पेन द्यायला निघाले. विमानात घ्यायची काळजीही सांगितली: पेन काठोकाठ भरायचं किंवा पूर्ण रिकामं ठेवायचं, कारण वर गेल्यावर हवेचा दाब उतरतो, अर्धवट भरलेल्या पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, शिवाय निब वरच्या बाजूला. आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पेन माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या कपाटातल्या कोऱ्या वह्यांकडे बोट दाखवलं. “ह्या नुसत्याच पडल्यात ना?”

टोमोए रिव्हरच्याही गेल्या.

पोचल्यावर फोन आला. प्रवास ठीक, गुडघे ठीक, पाऊस नाही. “वह्या छान आहेत गं. एकीत दूधवाल्याचा हिशेब घातलाय, एकीत गॅस आणि पेपर. पातळ वाटतो कागद, पण हलका आहे, पिशवीत जड होत नाही. आता खालच्या काकूंनाही हव्यात. तिकडून कुणी येणार असेल तर आणखी पाठव. आणि त्या वहीत तिथी घालतेस ना?”

नवरा स्पीकरवर ऐकत होता. मी गाडीची किल्ली मागितली, मेट्रोटाउनला जायचंय म्हटलं. आईंसाठी, असंही म्हटलं. पहिल्यांदाच त्याने काही विचारलं नाही.