मूळ नकाशात हे आहे काय?

निरीक्षक हा सरकारी हुद्दा आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी बुलढाण्यास येऊन आमच्या शेजारी चार दिवस राहावे. हुद्दा निवृत्तीबरोबर दप्तरात जमा होतो. परंतु घाटमाथ्यावरच्या थंड हवेसाठी येथे स्थायिक झालेल्या आमच्या विमान-निरीक्षकसाहेबांची तपासणी तीस वर्षे झाली तरी निवृत्त होण्याचे नाव घेत नाही.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो १९७० च्या सुमारास, एका फ्लाइंग क्लबात विमानांची देखभाल करीत असताना. १९५८ साली प्रथम आकाशात झेपावलेल्या देशी ‘पुष्पक’ जातीचे, दोन आसनांचे, नव्वद अश्वशक्तीचे आणि कापडाने मढवलेले एक विमान आमच्यापाशी होते, आणि त्यात आम्हांस एक रेडिओ बसवावयाचा होता. काम चार स्क्रूंचे. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “मिस्त्री, मूळ नकाशात हे आहे काय?”

मूळ नकाशात नव्हते म्हणूनच अर्ज केला होता, आणि मी मिस्त्री नसून परवानाधारक अभियंता होतो. पण या दोन्ही बाबी त्यांनी दफ्तरी दाखल करून घेतल्या नाहीत. १९३७ च्या नियमावलीचा हवाला देऊन त्यांनी रेखाचित्र, भारगणित आणि चाचणीचा अहवाल असे सारे चार-चार प्रतींत मागितले, आणि शिवाय विमानाचे नव्याने वजन करण्याचा हुकूम सोडला. शेपटी घोडीवर उचलून तीन काटे मांडले, तेव्हा त्यांनी काट्यांच्या तपासणीचा दाखला मागितला. दाखला हजर केला, तर त्यावरील शिक्का पुसट निघाला. सव्वा महिना आमचे पुष्पक जमिनीवर आणि आमचे डोके आकाशात होते.

निवृत्तीनंतर विमाने संपली, प्रश्न उरला. शेगावच्या कचोरीबरोबर मी तळलेल्या मिरचीऐवजी चिंचेची चटणी मागितली, तर “मूळ नकाशात हे आहे काय?” वऱ्हाडी मंडळींसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बाकडी ठोकणाऱ्या सुतारास तोच प्रश्न. रामनवमीच्या कीर्तनात, कितीही मंडळी बसली तरी पुष्पकात एक आसन रिकामेच राही, असे बुवांनी भक्तिभावाने सांगितले, तेव्हा साहेब सभामंडपात उभे राहिले: “कुबेराकडे होते तेव्हाच्या मूळ नकाशात हे आहे काय? नसल्यास आसने वाढविण्यास मंजुरी कोणाची?” बुवांनी घाईघाईने आरती सुरू केली.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभारणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांनी २०११ साली सुरू केलेल्या खटपटीस २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणीचे फळ आले, ही बातमी मी मुद्दाम मोठ्याने वाचली. साहेब थोडे तरी ओशाळतील अशी माझी आशा होती. त्यांनी एवढेच विचारले, “गच्चीवरून खाली उतरवले कसे?” त्या रात्री त्यांच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा जळत होता. सकाळी पाहतो तो वहीची चार पाने त्या अनोळखी विमानाच्या दोरखंडांच्या हिशेबाने भरलेली.

आता सांगावयास हरकत नाही, जरी इतकी वर्षे मी ते टाळले. त्या सव्वा महिन्यात तीन काट्यांची बेरीज जुन्या कागदाशी काही केल्या जुळेना; शेवटी आसनामागे कोणीतरी, केव्हातरी, बिनकागदाने बसवलेली एक पोलादी पेटी सापडली. तिच्यावर आमच्या रेडिओची भर पडली असती, तर तोल शेपटीकडे किती ढळला असता, ते मी रात्री एकट्याने मांडून पाहिले आणि मला झोप आली नाही. साहेबांनी मात्र पेटीकडे बोट दाखवून नेहमीचाच प्रश्न विचारला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. भेटीस गेलो तेव्हा जन्माचा वचपा काढावा म्हणून मी विचारले, “साहेब, मूळ नकाशात हे आहे काय?” त्यांनी उशाखालून यंत्राचे कार्ड काढून माझ्या हाती दिले. अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही, सर्व यथास्थित.

“कागद पुरे आहेत, मिस्त्री,” ते म्हणाले. “उरलेल्या तासांचा रकाना मात्र कोणी भरलेला नाही.”

मी चष्मा कपाळावर चढवला आणि कार्ड दोन्ही बाजूंनी पुन्हा तपासू लागलो.