भोईवाडा ते नेवार्क, साडेसहा तास

तिकिटावर लिहिलं होतं: मुंबईहून सुटणार रात्री १ वाजता, नेवार्कला पोचणार सकाळी ७.३०ला. भोईवाड्यातल्या काकांनी बोटं मोजून निकाल दिला, "साडेसहा तास! तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीला याहून जास्त लावते."

काकूंनी त्या हिशेबाने दोघांपुरते चार थेपले बांधले.

सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचण्याची तिकडची, हे जावयाने फोनवर समजावलं. उन्हाळ्यात नेवार्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं. म्हणजे विमानात बसायचे ते सोळा तास. थेपले वाढले. चाळीचं मात्र समाधान झालं नाही. समोरच्या मास्तरांचा सवाल होता, "पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने वर नुसतं थांबावं. खाली अमेरिका आली की उतरायचं." पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि तिच्यात थांबलेलं विमानही; तेच बरं. ती स्थिर असती तर भोईवाड्यात वाळत घातलेलं धोतर ताशी पंधराशे किलोमीटरच्या वाऱ्यात उडालं असतं.

विमानात काका समोरच्या पडद्यावरून नजर हलवेनात. नेवार्क पश्चिमेला, आणि हा पायलट निघालाय उत्तरेकडे! "अहो, रस्ता चुकला असेल तर विचारा ना कुणाला तरी," काकू म्हणाल्या.

चुकला नव्हता. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते नेवार्क दोरा ताणला, तर तो मध्य आशिया, रशिया ओलांडून नॉर्वे आणि आइसलँडच्या दरम्यान ६५ अक्षांशापर्यंत चढतो आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली येतो. लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून आखलेली सरळ रेघ धरली तर १४,२०० भरतात. प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरूनही तंतोतंत जात नाही; वारा आणि राजकारण दोन्ही सांभाळावं लागतं. २०१९मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा कितीतरी विमानं वळसा घालत होती.

तरी हे सुखच. ८ जून १९४८ला एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाली, ती कैरो आणि जिनिव्हा करत १० तारखेला पोचली. तेव्हाच्या प्रवाशांनी किती थेपले नेले असतील!

परतीचं तिकीट पाहून काका चिडले. सकाळी ११ला सुटून दुसऱ्या दिवशी ११लाच मुंबई! "जाताना साडेसहा, येताना चोवीस?" खरं तर परतीचा प्रवास साडेचौदा तासांचाच, म्हणजे जाण्याहून कमी. उंचावरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि येणाऱ्या विमानाला मागून ढकलतो. बाकीचे साडेनऊ तास घड्याळाने खाल्ले.

विमान वेळेवर उतरलं. सहार विमानतळ ते भोईवाडा सतरा-अठरा किलोमीटर. ऑगस्टचा रविवार, परळच्या मूर्तींच्या वर्कशॉपमधून मंडळांचे गणपती निघालेले, रस्ताभर ढोल. टॅक्सीवाल्याने हिंदमात्यालाच गाडी थांबवली. "काका, पुढे चालत जा. बॅगा चाकाच्या आहेत ना?"