सापडेल तो नमुना

असंभाव्यता नमुना निवडीत कोणाची वर्णी लागण्याची शक्यता किती, हे सांगता येत नाही. तिचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे सोयीस्कर नमुना. सोय कोणाची, हे उघड आहे. महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये चहा पिणाऱ्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात आणि प्रबंधावर शीर्षक झळकते : ‘भारतीय युवकांची जीवनमूल्ये’.

सहेतुक नमुन्यात जाणकार निवडायचे असतात; जाणकार कोण, हे संशोधकच ठरवतो. स्नोबॉल नमुन्यात एकाने दुसऱ्याचे नाव सुचवायचे. ज्यांची कुठे यादीच नसते, अशा व्यसनींपर्यंत किंवा कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांपर्यंत पोहोचायला तो खरोखर उपयोगी. एरवी एका मित्रमंडळाला ‘समाज’ म्हणण्याची ती शास्त्रीय सोय.

कोटा नमुन्याचा थाट मोठा. वय, लिंग, उत्पन्न यांचे रकाने ठरलेले. त्यांत कोणाला बसवायचे, ही मुलाखतकाराची मर्जी. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने निवडणुकीआधी वीस लाखांहून अधिक मतपत्रिका मोजून लँडन यांना अमेरिकेचे अध्यक्ष केले, निवडून आले रूझवेल्ट. जनमत चाचणीकार गॅलप यांचा कोटा नमुना त्या मानाने चिमुकला, पण विजेता बरोबर निघाला. मग कोट्याचे दिवस पालटले. १९४८ मध्ये त्याच पद्धतीने ड्यूई जिंकले, फक्त मतदारांनी ट्रूमन यांना निवडले.

या पद्धती प्राथमिक चाचपणीला चालतात. अशा नमुन्याखाली ‘त्रुटी अधिक-उणे तीन टक्के’ असे छापणे मात्र निव्वळ थाप आहे.